खाते ‘बंद’ करणे म्हणजे नेमके काय?



गेल्या हिवाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. चूक एका वाक्याची होती. पण त्या वाक्यामुळे पार्सिपनीत, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर, लेक हायावाथाच्या एका अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या बाईने नऊ दिवसांचे बाळ मांडीवर घेऊन दोन दिवस नोकरी गेल्याच्या भीतीत काढले. त्यावर लिहावे असे तेव्हापासून मनात होते. विषय वरवर तांत्रिक आहे, पण तो फक्त आयटीवाल्यांचा नाही असे माझे मत आहे. म्हणून डॉक्टर, फार्मा आणि अकाउंटिंगमधल्या मंडळींनीही शेवटपर्यंत वाचावे ही विनंती.

मी गेली अनेक वर्षे कंपन्यांमधली ‘आयडेंटिटी’ची कामे करते. म्हणजे नवा माणूस आला की त्याचे खाते उघडायचे, त्याला कुठल्या सिस्टीममध्ये शिरता येईल ते ठरवायचे, आणि तो गेला की सगळे काढून घ्यायचे. हे काम आतापर्यंत हेल्पडेस्कवरची माणसे तिकीट वाचून करीत. आता आमच्याकडे त्यातले बरेचसे काम एआय एजंट करतो. हा एजंट म्हणजे भाषा समजणारे एक मॉडेल, आणि त्याच्या हाताशी दिलेली काही ‘टूल्स’. एक टूल पासवर्ड बदलते, एक खाते शोधते, एक खाते थांबवते, एक काढून टाकते. तिकीट आले की एजंट ते वाचतो, कुठले टूल वापरायचे हे स्वतः ठरवतो आणि वापरतो.

आता मुद्दा असा, की एजंटला त्या टूलच्या आतला कोड दिसत नाही. त्याला दिसते ते फक्त टूलचे नाव, त्याखालचे चार ओळींचे वर्णन, आणि कुठकुठली माहिती भरायची त्याची यादी. हे वर्णन कुणीतरी माणसाने साध्या भाषेत लिहिलेले असते. त्या चार ओळींवर भरवसा ठेवून एजंट निर्णय घेतो. शासकीय कचेरीत नव्याने रुजू झालेल्या कारकुनाच्या हाती फक्त शिक्क्यांची पेटी द्यावी आणि प्रत्येक शिक्क्यावर एकेक चिठ्ठी चिकटवलेली असावी, तसा हा प्रकार आहे. चिठ्ठीवर जे लिहिले आहे तेवढेच त्याला ठाऊक.

आमच्या पेटीत दोन शिक्के होते. एकाच्या चिठ्ठीवर मी लिहिले होते, ‘खाते सस्पेंड करते’. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते, ‘इनअ‍ॅक्टिव्ह युजरसाठी वापरावे’. हा दुसरा शिक्का खरे तर नोकरी सोडून गेलेल्यांसाठी होता. माझ्या डोक्यात इनअ‍ॅक्टिव्ह म्हणजे गेलेला माणूस, हे इतके पक्के होते की आणखी काही लिहायची गरज वाटली नाही. शुक्रवारची दुपार होती. टूलचा कोड तीन जणांनी तपासला. वर्णन कोणीच तपासले नाही. वर्णन म्हणजे कोड नव्हे, ते काय तपासायचे!

बाळंतपणाच्या रजेवर जाणाऱ्या त्या सहकारी बाईसाठी एचआरकडून जे तिकीट आले त्यात लिहिले होते, की ही कर्मचारी सोमवारपासून बारा आठवडे ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ असेल, तिच्या खात्याचे पाहावे. एजंटने तोच शब्द दुसऱ्या चिठ्ठीवर वाचला आणि तो शिक्का उचलला. त्याच्या जागी मी असते आणि मला एवढेच ठाऊक असते तर मीही तोच उचलला असता.

त्या शिक्क्याने काय झाले ते सांगते. तिचे सगळीकडचे लॉगिन तुटले. सर्व ग्रुपमधून तिचे नाव निघाले. विम्याच्या पोर्टलला निरोप गेला की ही व्यक्ती आता नाही. आणि मेलबॉक्स तीस दिवसांनी पुसायच्या यादीत गेली. इकडे तिला बाळाचे नाव विम्यात घालायचे होते. आपल्यापैकी ज्यांना इथे मुले झाली त्यांना माहीत आहे, की नोकरीच्या विम्यात नवजात बाळाचे नाव घालायला जन्मापासून साधारण तीस दिवसांची मुदत असते. ती रात्री दूध पाजता पाजता फोनवर पोर्टल उघडायला गेली, तर ‘हे खाते अस्तित्वात नाही’.

ती एच-वन-बी व्हिसावर आहे. नोकरी गेली तर जास्तीत जास्त साठ दिवस इथे राहता येते, हा नियम २०१७ पासूनचा. नवरा तिच्याच व्हिसाच्या आधारावर इथे. आणि हल्ली नोकरी गेल्याची पहिली बातमी कोणी तोंडाने सांगत नाही, सकाळी लॉगिन चालत नाही तेव्हा ती कळते, हे तिने आजूबाजूला पाहिलेले. त्यामुळे तिला ही सिस्टीमची चूक असेल असे वाटलेच नाही. तिने हेल्पडेस्कला फोनसुद्धा केला नाही. ज्याला काढले आहे त्याने कोणाला फोन करायचा? दोन दिवसांनी तिच्या एका मैत्रिणीने सहज आम्हाला विचारले म्हणून कळले. खाते तीन तासांत परत उभे राहिले, ग्रुप पुन्हा भरायला मात्र आठवडा गेला. बाळाचे नाव मुदतीत विम्यात गेले. मी तिला भेटायला गेले, झाले ते सांगितले, माफी मागितली. ती म्हणाली, “मी सोफ्यावर बसून कॅलेंडरवर साठ दिवस मोजले होते.”

असो. हे घडल्यावर मी ते वर्णन पुन्हा लिहायला बसले तेव्हा माझ्या लक्षात आले, की माझा गोंधळ आधी मराठीतून सुटायला हवा होता. आपण काय म्हणतो? ‘खाते बंद झाले.’ दुकान रात्री बंद होते, सकाळी उघडते. घड्याळ बंद पडते, दुरुस्त करावे लागते. गिरणी बंद पडते, ती पुन्हा उघडत नाही, हे मुंबईच्या गिरणी कामगारांना विचारावे. शहर ‘बंद’ ठेवतात ते निषेध म्हणून, एका दिवसापुरते. शब्द एकच, पण परत येण्याची वाट प्रत्येक ठिकाणी निराळी. आपण माणसे संदर्भावरून ओळखतो. इंग्रजीतही सस्पेंड, डिसेबल, डीअ‍ॅक्टिव्हेट, टर्मिनेट हे शब्द प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने वापरते. एका सॉफ्टवेअरमधले ‘डीअ‍ॅक्टिव्हेट’ परत फिरवता येते, दुसऱ्यातले येत नाही.

हा फरक आपल्याला बँकेत नीट कळतो, कारण तिथे पैसे असतात. भारतातल्या बचत खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ आपण काही व्यवहार केला नाही, की रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ते ‘इनऑपरेटिव्ह’ होते. ते बंद झालेले नसते. केवायसी देऊन ते पुन्हा सुरू होते. दहा वर्षे तसेच पडून राहिले तर त्यातले पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीकडे जातात, तरीही खातेदाराचा हक्क जात नाही, मागणी करून ते परत मिळतात. ‘फ्रीझ’ झालेले खाते ही आणखी निराळी गोष्ट, ते कोणाच्या तरी आदेशाने गोठवलेले असते. आणि ‘क्लोज’ केलेले खाते म्हणजे हिशेब संपला. पुण्याला फोन केला की काउंटरवरचा माणूस या चारही गोष्टींना ‘मॅडम, तुमचं अकाउंट बंद आहे’ असेच म्हणतो, आणि मग आपण इथे रात्री दोन वाजता ओटीपीची वाट पाहत त्यातले नेमके कुठले ‘बंद’ ते शोधत बसतो! हे ज्याने एकदा केले आहे त्याला मी काय म्हणते आहे ते वेगळे समजावून सांगायला नको.

तर नवे वर्णन कसे लिहिले ते सांगते. मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठीत देते:

‘नोकरी कायमची संपलेल्या व्यक्तीचे खाते काढून घेते. सर्व लॉगिन ताबडतोब तुटतात, सर्व ग्रुपमधून नाव निघते, पगार आणि विमा पोर्टलला कळवले जाते. तीस दिवसांच्या आत खाते परत आणता येते, पण ग्रुप हाताने भरावे लागतात. तीस दिवसांनंतर मेलबॉक्स कायमची जाते. एचआरच्या नोंदीत नोकरी संपल्याची तारीख असेल आणि ती उलटून गेली असेल तरच वापरावे. रजा, बाळंतपण, आजारपण, पासवर्ड विसरणे, संशयास्पद लॉगिन यांसाठी वापरू नये, त्यासाठी सस्पेंडचे टूल आहे. तिकिटात फक्त इनअ‍ॅक्टिव्ह एवढाच शब्द असेल तर काहीही करू नये, तिकीट लिहिणाऱ्याला विचारावे.’

यात साहित्य काही नाही. पण आधीच्या ओळीत नसलेल्या पाच गोष्टी यात आहेत. काय होते, कोणाकोणाला कळते, परत फिरवता येते का आणि कधीपर्यंत, केव्हा वापरायचे नाही, आणि शंका आली तर काय करायचे. माझ्या मते यातली चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त वेळा राहून जाणारी आहे. आपण टूल लिहितो तेव्हा ते कशासाठी आहे हे उत्साहाने लिहितो. कशासाठी नाही हे लिहायला शेजारचे टूल डोळ्यांपुढे ठेवावे लागते, आणि ते बहुधा दुसऱ्या टीमने लिहिलेले असते.

आणखी काही ठिकाणी आम्ही ठेचकाळलो, ती सांगते. ही ठिकाणे आपल्या लोकांना जास्त लागणारी आहेत.

पहिले, माणूस नेमका कोणता? ‘पाटील यांचे खाते थांबवा’ असे तिकीट आले आणि शोधल्यावर सहा पाटील निघाले, तर एजंट काय करील? वर्णनात काही सांगितले नसेल तर पहिला उचलण्याची शक्यता असते. आपल्याकडे तर नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे. इथल्या फॉर्मवर मधले पद कधी मिडल नेम होते, कधी पहिल्या नावाला चिकटते, कधी गळून पडते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईची दोन खाती असतात आणि एजंटला ती दोन बायका वाटतात. ज्यांच्या पासपोर्टवर एकच नाव आहे त्यांच्या अमेरिकी व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापून येते, म्हणजे पहिले नाव अज्ञात. मग कंपनीच्या डिरेक्टरीतही श्रीयुत एफएनयू अवतरतात, आणि असे दोन असले की दोघेही एकमेकांच्या चुका भोगतात. यावर उपाय एवढाच, की खात्याला हात लावणाऱ्या टूलने नाव घेऊच नये, कर्मचारी क्रमांकच घ्यावा. आणि शोधणाऱ्या टूलच्या वर्णनात स्पष्ट लिहावे, की एकापेक्षा जास्त माणसे सापडली तर निवड करू नये, विचारावे.

दुसरे, तारीख. ०५/०६ म्हणजे आपल्याकडे ५ जून आणि इथे ६ मे. पुण्याच्या ऑफिसने लिहिलेली शेवटच्या दिवसाची तारीख पार्सिपनीतल्या एजंटने वाचली, तर माणूस महिनाभर आधीच बाहेर. माहिती भरायच्या रकान्यात ‘तारीख’ एवढेच लिहू नये. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, असा क्रम लिहून एक उदाहरणही द्यावे.

तिसरे, नकार. टूलने काम केले नाही तर ते एजंटला काय सांगते? आमचे टूल नुसते ‘एरर’ म्हणत असे. माणूस अशा वेळी थांबून शेजाऱ्याला विचारतो. एजंट काम पुरे करण्याच्या मागे असतो, तो दुसरे टूल शोधतो. सस्पेंड झाले नाही म्हणून त्याने डिलीट करून पाहिले, असे आमच्या चाचणीत खरेच घडले. आता नकार असा येतो: ‘या खात्याला हात लावायला मॅनेजरची मंजुरी लागते. दुसरे टूल वापरून पाहू नये. मंजुरीची विनंती पाठवावी आणि थांबावे.’ हेही वर्णनच आहे, फक्त ते नंतर वाचले जाते.

एक कबुलीही दिली पाहिजे. पहिल्या उत्साहात मी सगळीकडे ‘करू नये’, ‘विचारावे’ लिहून टाकले. परिणाम असा, की एजंट पासवर्ड बदलायलाही परवानगी मागू लागला आणि एचआरची मंडळी वैतागली. सतत विचारणाऱ्याला लोक न वाचताच हो म्हणू लागतात, हे आणखी वाईट. मग पुन्हा बसून ठरवावे लागले, की जे सहज परत फिरवता येते ते न विचारता करावे, जे फिरवता येत नाही तिथे थांबावे. त्याचप्रमाणे टूल्सची संख्याही कमी केली. एकमेकांसारखी दिसणारी तीन टूल्स ठेवून प्रत्येकाखाली पानभर खुलासा लिहिण्यापेक्षा एकच नीट टूल बरे.

आता यावर दोन आक्षेप येतात, दोन्ही मला कामावर ऐकावे लागले.

पहिला आक्षेप असा, की मॉडेल दर सहा महिन्यांनी हुशार होत आहेत, चार ओळींच्या शब्दांवर इतका वेळ कशाला? मला हे पटत नाही. कितीही हुशार मॉडेल झाले तरी आमच्या कंपनीत ‘इनअ‍ॅक्टिव्ह’चा अर्थ काय, हे त्याला जन्मतः कळणार नाही. ती माहिती जगात कुठे लिहिलेलीच नाही. ती माझ्या डोक्यात होती. हुशारीने अज्ञात गोष्टीचा चांगला अंदाज करता येतो. पण कुणाच्या नोकरीच्या खात्यावर अंदाज करावा का, हा प्रश्न राहतोच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तो असा, की शब्दांवर विसंबूच नये, अधिकारच काढून घ्यावेत. हे अगदी खरे आहे. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कंपनीच्या एजंटने एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. काही बदल करू नये अशी स्पष्ट सूचना दिलेली असताना! वर, आता तो परत आणता येणार नाही असेही एजंटने सांगितले, आणि प्रत्यक्षात तो परत आणता आला. कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली आणि चाचणीचा व प्रत्यक्ष वापराचा डेटाबेस वेगळे करण्याची व्यवस्था जाहीर केली. म्हणजे ‘करू नये’ असे लिहिणे म्हणजे कुलूप नव्हे, ती फक्त पाटी आहे. अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि आता सर्रास वापरल्या जाणाऱ्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये टूल नुसते वाचणारे आहे की काही नष्ट करणारे, हे नोंदवायची सोय आहे. पण त्या नोंदी केवळ सूचना आहेत, अनोळखी ठिकाणाहून आलेल्या असतील तर त्यांवर विश्वास ठेवू नये, असे तिथेच लिहिले आहे. तेव्हा कुलूप हवेच. कायमचे पुसण्याचा अधिकार एजंटला देऊच नये, तो माणसाकडे ठेवावा. पण कुलूप लावले म्हणून पाटी नको असे होत नाही. माझ्या सहकारी बाईच्या बाबतीत एजंटला तो अधिकार रीतसर होता. नोकरी सोडणाऱ्यांची खाती काढणे हेच त्याचे काम होते. चुकले ते कोणाला नोकरी सोडलेला म्हणायचे हे. तिथे कुलूप उपयोगी पडले नसते.

शब्द चुकला तर किती माणसे अडकतात याचे उदाहरण शोधायला एआयपर्यंत जायलाही नको. महाराष्ट्रात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना २०२४ च्या मध्याला सुरू झाली, पात्र बहिणींना महिना १५०० रुपये. सप्टेंबर २०२५ पासून त्यासाठी ई-केवायसी करायला सांगितले. त्या फॉर्मवर कुटुंबातील कोणी सरकारी नोकरीत कायम कर्मचारी ‘नाहीत’, अशा अर्थाचे नकारार्थी विधान होते आणि त्यापुढे ‘होय’ किंवा ‘नाही’ निवडायचे होते. आता तुम्हीच सांगा, घरात कोणी सरकारी नोकर नसलेल्या बाईने काय दाबावे? विधान बरोबर आहे म्हणून ‘होय’? की नोकर नाही म्हणून ‘नाही’? लाखो बायकांचे उत्तर चुकीचे नोंदले गेले, आणि ज्यांच्या सात पिढ्यांत कोणी सरकारी नोकरी पाहिली नाही त्या बायका सिस्टीमच्या लेखी सरकारी नोकरदारांच्या घरच्या झाल्या. जानेवारी २०२६ मध्ये अखेर अंगणवाडी सेविकांना प्रत्यक्ष पडताळणी करायला सांगावे लागले. यंत्र बरोबर चालले होते. आधार जुळला, ओटीपी आला, बटण दाबले गेले. चूक वाक्यात होती. आणि ती निस्तरायला घरोघर कोण गेले? मानधनावर काम करणाऱ्या, आधीच डोक्यावर पोषण आहारापासून सर्वेक्षणापर्यंत सगळे घेतलेल्या सेविका. वाक्य लिहिणारा नव्हे.

माझ्या लेखाचा खरा मुद्दा हाच आहे. संदिग्ध वाक्याची किंमत ते लिहिणारा देत नाही, ज्याच्या नावाचे खाते आहे तो देतो. आणि सगळे खातेदार सारखी किंमत देत नाहीत. आमच्या कंपनीच्या एखाद्या व्हाइस प्रेसिडेंटचे खाते चुकून गेले असते तर अर्ध्या तासात सगळ्यांचे फोन खणखणले असते. एच-वन-बीवरची बाळंतीण गप्प बसली. फोनवर इंग्रजी बोलायला बिचकणारा, रात्रपाळी करणारा, कंत्राटी नोकरीतला, भारतातले आपले वयस्क आईवडील, हे सगळे ‘खाते नाही’ असे यंत्राने म्हटले की आपलेच काही चुकले असेल असे समजतात. अक्षराची सत्ता ज्यांच्या हाती आहे ते न वाचणाऱ्याला कसे नाडतात, हे जोतीराव फुले यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कचेऱ्यांतल्या कामगारांविषयी लिहून ठेवले आहे. तिथला कारकून जाणूनबुजून नाडत होता. आपण शुक्रवारी दुपारी घाईत नाडतो. शेतकऱ्याला दोन्हींतला फरक फारसा जाणवत नाही.

आणि ‘आम्ही नाही, एजंटने केले’ ही पळवाटही आता राहिलेली नाही. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीचा चुकीचा नियम सांगितला. चॅटबॉट आपल्या कृत्यांना स्वतःच जबाबदार आहे अशा धर्तीचा युक्तिवाद कंपनीने केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या लवादाने तो फेटाळला आणि प्रवाशाला भरपाई द्यायला लावली. रक्कम हजार डॉलरच्या आतली होती, पण तत्त्व मोठे आहे. आपल्या दारातून दिलेल्या उत्तराची जबाबदारी आपली.

मी हे आपल्याच मंडळींना का सांगते आहे? कारण ही वर्णने लिहिणारे हात मोठ्या प्रमाणावर आपले आहेत. रूट ४६ आणि २८७ च्या आसपासच्या ऑफिसांत, एडिसनला, जर्सी सिटीला, आणि तिकडे हिंजवडीला, मगरपट्ट्याला बसून बँकांची, विमा कंपन्यांची, इस्पितळांची खाती सांभाळणाऱ्या एजंटची टूल्स आपण लिहितो. आपण शनिवारी सामाजिक न्यायावर बोलतो, गावाकडच्या शाळेसाठी पैसे जमवतो, ते योग्यच आहे. पण सोमवारी सकाळी आपल्या हाताने लिहिलेली एक ओळ दुसऱ्या टोकाच्या माणसाचा दिवस ठरवते, तिथेही तीच बाजू घ्यायला हवी, असे मला वाटते. त्यासाठी मोर्चा काढावा लागत नाही. वर्णन कोडसारखेच तपासायला द्यावे. ज्याने टूल लिहिले नाही अशा माणसाला ते वाचायला लावावे आणि विचारावे, की हे केव्हा वापरशील. जुनी, गोंधळाची तिकिटे जपून ठेवून प्रत्येक बदलानंतर एजंटला पुन्हा द्यावीत. आणि खाते गेलेल्या माणसाला दिसणाऱ्या पानावर एक फोन नंबर ठेवावा, जिथे माणूस उचलेल. आमच्या त्या पानावर आता लिहिले आहे, की तुमचे खाते थांबवलेले असू शकते, त्याचा अर्थ तुमची नोकरी गेली असा नाही, या नंबरवर विचारा.

हे शेवटचे वाक्य माझे नाही. त्या सहकारी बाईचे आहे. रजेवरून परत आल्यावर तिनेच मला मागून घेऊन ते वर्णन वाचले, दोन ठिकाणी सुधारले, आणि मग त्या पानाकडे बोट दाखवून म्हणाली, त्या रात्री इथे एवढे लिहिलेले असते तर मी झोपले असते.

कळावे, लोभ असावा.

आपली एक सभासद,
पार्सिपनी, न्यू जर्सी